एका चातुर्मासात विष्णुसहस्रनाम: उच्चार, पदच्छेद आणि अर्थासह कसं शिकावं

गुरुर्गुरुतमो धाम सत्यः सत्यपराक्रमः।
निमिषोऽनिमिषः स्रग्वी वाचस्पतिरुदारधीः॥

हा श्लोक मी आजीच्या मागून ऐकून ऐकून पाठ केला होता. ‘निमिष’ हे नाव इथे लागोपाठ दोनदा आलंय अशी माझी कित्येक वर्षं समजूत होती. पुढे एकदा पोथी नीट समोर धरून वाचली, तेव्हा मधला ‘ऽ’ दिसला. पहिलं नाव निमिष, म्हणजे योगनिद्रेत ज्याचे डोळे मिटले आहेत तो. दुसरं अनिमिष, ज्याची पापणी कधीच लवत नाही, जो सदा जागा आहे तो. इतकी वर्षं एक अख्खं नाव माझ्या तोंडून निसटत होतं. त्यानंतर मी सहस्रनाम पुन्हा पहिल्या नावापासून शिकले, एकेक नाव सुटं करून. तसं शिकायचं कसं, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

रामरक्षा म्हणता येत असेल आणि देवनागरी वाचता येत असेल, तर एवढी तयारी पुरे आहे. शाळेतलं संस्कृत विसरलं असलं तरी चालेल. मुदत धरायची ती आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतची. ती का, हे पुढे वेळापत्रकात कळेल. मात्र तयारीची पहिली चार कामं आषाढीच्या आधीच्या पंधरवड्यात उरकून घ्या.

पहिलं काम: हे स्तोत्र कुठे बसलंय ते पाहा

विष्णुसहस्रनाम महाभारताच्या अनुशासनपर्वात आहे. प्रचलित पाठात तो १४९ वा अध्याय. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं आणि १९६६ साली ते पूर्ण केलं. त्या आवृत्तीत हाच अध्याय १३५ वा आहे. संदर्भ शोधताना क्रमांक जुळला नाही तर गोंधळू नका.

युद्ध संपलेलं आहे, भीष्म शरपंजरी पडलेले आहेत. सगळे धर्म ऐकून झाल्यावरही युधिष्ठिराचं समाधान होत नाही आणि तो सहा प्रश्न विचारतो. लोकांत एकच दैवत कोणतं? एकच आश्रयस्थान कोणतं? कुणाची स्तुती केल्याने आणि कुणाची पूजा केल्याने माणसाचं कल्याण होतं? सर्व धर्मांत तुम्हांला श्रेष्ठ वाटणारा धर्म कोणता? आणि कशाचा जप केला असता जीव जन्ममरणाच्या बंधनातून सुटतो? ‘किमेकं दैवतं लोके’ पासून ‘जन्मसंसारबन्धनात्’ पर्यंतचे ते दोन श्लोक आधी अर्थासह वाचा. शक्य झालं तर तेच पहिल्यांदा पाठ करा. प्रश्न मनात नसेल तर हजार नावं ही नुसती यादी होते. प्रश्न मनात असला की प्रत्येक नाव उत्तराचा एकेक तुकडा वाटू लागतं.

याच प्रस्तावनेत भीष्म म्हणतात, ‘यानि नामानि गौणानि विख्यातानि महात्मनः’. इथे मराठी वाचक अडखळतो, कारण आपण ‘गौण’ म्हणजे दुय्यम असं धरतो. मूळ अर्थ आहे ‘गुणांवरून पडलेली’. म्हणजे यातलं प्रत्येक नाव एखाद्या गुणावरून किंवा कृतीवरून आलेलं आहे आणि ते फोडलं की आतला गुण हाती लागतो. या संपूर्ण लेखातली रीत त्या एका शब्दावर उभी आहे.

‘विश्वं’ पासून ‘सर्वप्रहरणायुधः’ पर्यंत नावांचे श्लोक १०७. त्यानंतर ‘वनमाली गदी शार्ङ्गी’ हा रक्षणाची प्रार्थना करणारा श्लोक येतो. पाठ करायचा गाभा एवढाच.

दुसरं काम: पोथी निवडा आणि ती बदलू नका

खिशात मावणारी बारीक टाइपाची पोथी शिकायला घेऊ नका. ती नंतर, पाठ झाल्यावर, प्रवासात कामाला येते. शिकण्याच्या पोथीत तीन गोष्टी पाहा. अवग्रहाचं चिन्ह, म्हणजे लोपलेला ‘अ’ दाखवणारा ‘ऽ’, छापलेलं आहे का, शेवटी हजार नावांची नामावली वेगळी दिली आहे का, आणि प्रत्येक नावाचा निदान एका ओळीत अर्थ आहे का. ‘निमिषोऽनिमिषः’ आणि ‘आधारनिलयोऽधाता’ या दोन जागा उघडून बघा. तिथे ‘ऽ’ नसेल तर ती पोथी बाजूला ठेवा. दुसऱ्या जागी नाव ‘अधाता’ आहे, ज्याला दुसरा कुणी निर्माता नाही तो. अवग्रह गळला की ‘धाता’ होतं आणि अर्थ फिरतो.

काही पोथ्यांत आणि ध्वनिमुद्रणांत एखाददुसरा शब्द निराळा सापडेल. हे पाठभेद जुने आहेत. एक पोथी धरा आणि पाठ होईपर्यंत तीच वापरा. दक्षिणेकडची ध्वनिमुद्रणं ऐकत असाल, तर त्यांत सुरुवातीला ‘शुक्लाम्बरधरं विष्णुं’ वगैरे श्लोक येतात, जे आपल्याकडच्या लहान पोथ्यांत बहुधा नसतात. ती परंपरेने जोडलेली पूर्वपीठिका आहे. तुमच्या पोथीत काही गळलेलं नाही.

तिसरं काम: मराठी जीभ संस्कृतला वळवा

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. आठ-दहा दिवस फक्त पहिले पाच श्लोक घ्या, पाठ करायची घाई न करता, आणि पुढच्या सवयी तपासा. फोनवर स्वतःचा आवाज मुद्रित करून ऐकला की चुका आपोआप कानाला टोचतात.

ऱ्हस्व-दीर्घाची चूक आपल्या लेखनातूनच येते. मराठीत आपण हरी, कवी, विष्णू, गुरू, भानू असं शेवटचं अक्षर दीर्घ लिहितो आणि तसंच म्हणतो. संस्कृतात ती हरिः, कविः, विष्णुः, गुरुः, भानुः आहेत. विसर्गाच्या आधी सवयीने ‘विष्णूः’ लांबवलं की छंद लगेच लंगडतो.

दुसरी सवय शेवटचा आणि मधला ‘अ’ गिळण्याची. बोलताना आपण ‘गरुड्ध्वज’, ‘लोक्नाथ’ म्हणतो. इथे ग-रु-ड-ध्व-जः, लो-क-ना-थः असा प्रत्येक अकार पूर्ण उच्चारायचा.

तिसरी सवय ‘ह’च्या जोडाक्षरांची. आपण ब्रम्ह, जिव्हा, वन्ही, चिन्ह म्हणतो, म्हणजे ‘ह’ मागे ढकलतो. संस्कृतात ‘ह’ आधी येतो: ब्रह्म, जिह्वा, वह्नि. यासाठी सहस्रनामातच उत्तम सराव आहे:

ब्रह्मण्यो ब्रह्मकृद्ब्रह्मा ब्रह्म ब्रह्मविवर्धनः।
ब्रह्मविद्ब्राह्मणो ब्रह्मी ब्रह्मज्ञो ब्राह्मणप्रियः॥

हा श्लोक रोज सावकाश तीनदा म्हणा. छातीतून ‘ह’चा श्वास बाहेर आला की मग ओठ मिटून ‘म’. आठवड्याभरात जिभेला वळण लागतं. त्यानंतर ‘सप्तजिह्वः’ आणि ‘वह्निरनिलो’ या जागा आपोआप सुधारतात.

चौथी गोष्ट खास मराठीची. आपल्याकडे ‘च’ आणि ‘ज’ दोन-दोन आहेत. चाकातला ‘च’ निराळा, चंद्रातला निराळा. जाळ्यातला ‘ज’ निराळा, जीवातला निराळा. संस्कृतात फक्त चंद्रातला आणि जीवातला. ‘अचलश्चलः’ म्हणताना आपण ‘चल, निघू या’ मधला ‘च’ वापरतो आणि ‘जगदादिजः’ म्हणताना मराठी ‘जग’ तोंडात येतं. या दोन्ही ठिकाणी जीभ दातांकडून मागे, टाळूकडे न्या.

‘ज्ञ’वरून मात्र वाद घालू नका. मराठी परंपरेत आपण ‘द्न्य’च्या जवळपास म्हणतो, इतर प्रांतांत निराळं म्हणतात. ज्यांच्याकडून शिकाल त्यांच्यासारखं म्हणा आणि सगळीकडे एकसारखं म्हणा. ‘ऋ’चंही तसंच. आपला उच्चार ‘रु’कडे झुकतो, उत्तरेत ‘रि’कडे. लक्षात एवढंच ठेवायचं की तो ऱ्हस्व स्वर आहे. ‘कृ’ हे जोडाक्षर नाही, म्हणून त्याच्या आधीच्या अक्षरावर आघात येत नाही. ‘ष’ म्हणताना जिभेचं टोक ‘ट’, ‘ण’ म्हणतो तिथे वर वळवा, म्हणजे ‘वृषाही वृषभो’ आणि ‘विशिष्टः शिष्टकृत्’ यांतला फरक ऐकू येईल.

विसर्ग ओळीच्या शेवटी असेल तर आधीच्या स्वराचा हलका प्रतिध्वनी द्यायचा: ‘प्रभुः’ला ‘हु’, ‘गतिः’ला ‘हि’, ‘भावनः’ला ‘ह’. हलकाच, त्याचं स्वतंत्र अक्षर करू नका. ओळीच्या मध्ये, पुढे श, ष, स आलं तर विसर्ग त्यात विरघळू द्यावा. ‘वपुः श्रीमान्’ हे ‘वपुश्श्रीमान्’सारखं ऐकू आलं तर योग्यच आहे.

चौथं काम: ताल बसवा

छंद अनुष्टुप्, रामरक्षेतल्या बहुतेक श्लोकांचा तोच. ‘चरितं रघुनाथस्य शतकोटिप्रविस्तरम्’ ज्या चालीत म्हणता त्याच चालीत ‘विश्वं विष्णुर्वषट्कारो भूतभव्यभवत्प्रभुः’ म्हणून पाहा, बसेल. आठ-आठ अक्षरांचे चार चरण, एकूण ३२ अक्षरं. लघू म्हणजे ऱ्हस्व अक्षर; गुरू म्हणजे दीर्घ, किंवा ज्याला अनुस्वार-विसर्ग आहे वा ज्याच्यापुढे जोडाक्षर आहे ते. प्रत्येक चरणातलं पाचवं अक्षर लघू, सहावं गुरू. सातवं पहिल्या-तिसऱ्या चरणात गुरू आणि दुसऱ्या-चौथ्यात लघू. अधूनमधून अपवाद भेटतात, पण हा साचा कानात बसला की चूक झाल्याचं पोथी न बघताही कळतं.

एक ओळ घेऊन बोटांवर मोजा:

अणुर्बृहत्कृशः स्थूलो गुणभृन्निर्गुणो महान्।

अ-णुर्-बृ-हत्-कृ-शः-स्थू-लो. पाचवं ‘कृ’ लघू, सहावं ‘शः’ गुरू, सातवं ‘स्थू’ गुरू. पुढे गु-ण-भृन्-निर्-गु-णो-म-हान्. पाचवं ‘गु’ लघू, सहावं ‘णो’ गुरू, सातवं ‘म’ लघू. अशा दहा ओळी मोजल्यात तर उरलेल्या तुमचा कान मोजेल.

श्वास घ्यायचा तो अर्ध्या श्लोकाच्या शेवटी. शब्दाच्या मध्ये श्वास तुटत असेल तर गती कमी करा. सावकाश म्हटलं तर प्रस्तावना आणि फलश्रुतीसह पूर्ण पाठाला साधारण अर्धा तास लागतो. पंधरा मिनिटांत उरकणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याशी स्पर्धा नको.

आता खरं काम: पदच्छेद

इथून पेन्सिल हातात घ्या. प्रत्येक श्लोकात दोन नावांच्या मध्ये बारीक उभी रेघ मारायची आणि मग नामावलीशी ताडून पाहायचं. आधी स्वतः फोडा, नामावली नंतर उघडा. हा क्रम उलटा केलात तर काहीच शिकायला मिळत नाही.

वरच्या ओळीतच सात नावं आहेत: अणुः, बृहत्, कृशः, स्थूलः, गुणभृत्, निर्गुणः, महान्. लहानात लहान, मोठ्यात मोठा, कृश आणि स्थूल, गुण धारण करणारा आणि निर्गुण. विरोधी गुणांच्या जोड्या एकाच श्वासात. नावं सुटी केल्याशिवाय ही मौज दिसतच नाही.

फोडायला संधीचे मोजके नियम पुरतात. शब्दाच्या शेवटी ‘ओ’ दिसला तर तिथे बहुधा विसर्ग होता: वषट्कारो म्हणजे वषट्कारः. मध्ये ‘र्’ दिसला तर तिथेही विसर्ग: विष्णुर्वषट्कारो म्हणजे विष्णुः आणि वषट्कारः. ‘श्च’ दिसलं तर विसर्ग आणि ‘च’: वर्धमानश्च म्हणजे वर्धमानः च. ‘द्’ किंवा ‘न्’ बऱ्याचदा मुळातला ‘त्’ असतो: भूतकृद्भूतभृद्भावो यांतून भूतकृत्, भूतभृत्, भावः अशी तीन नावं निघतात. ‘च्छ’ दिसला की थांबा: शिष्टकृच्छुचिः म्हणजे शिष्टकृत् आणि शुचिः.

फसवणाऱ्या जागा त्या, जिथे विसर्ग काहीच खूण न ठेवता जातो. ‘यज्ञ इज्यो’ मध्ये नाव यज्ञः आहे. ‘बहुशिरा बभ्रुः’ मध्ये बहुशिराः, ‘वसुमना हविः’ मध्ये वसुमनाः. वडाला, उंबराला आणि पिंपळाला नमस्कार करणाऱ्या आपल्या लोकांना पुढची ओळ विशेष आवडेल:

न्यग्रोधोदुम्बरोऽश्वत्थश्चाणूरान्ध्रनिषूदनः॥

न्यग्रोधः, उदुम्बरः, अश्वत्थः: वड, उंबर, पिंपळ, ओळीने विष्णूची नावं. मग कंसाचा मल्ल चाणूर याला मारणारा. काटेकोर व्याकरणाने ‘न्यग्रोध उदुम्बरः’ असं सुटं राहायला हवं होतं. इथे ते पुन्हा जोडलं गेलंय, छंदासाठी. असे प्रयोग आर्ष, म्हणजे ऋषींच्या वापरातले, म्हणून मान्य आहेत, ‘सुधारायला’ जाऊ नका.

‘च’, ‘एव’, ‘तथा’ हे शब्द नावं नसतात, पादपूरणासाठी, म्हणजे चरणातली अक्षरं भरून काढायला, येतात. ‘क्षेत्रज्ञोऽक्षर एव च’ मध्ये नावं दोनच, क्षेत्रज्ञः आणि अक्षरः. याउलट काही नावं दोन-तीन शब्दांची असतात. ‘मुक्तानां परमा गतिः’ हे एक नाव, ‘निधिरव्ययः’ हे एक, ‘महर्षिः कपिलाचार्यः’ हेही एकच धरतात. पहिल्या श्लोकात ९ नावं, दुसऱ्यात ८, म्हणजे १७ वं नाव ‘अक्षरः’. अशी बेरीज पोथीच्या समासात लिहीत चला. एखाद्या ठिकाणी आकडा जुळला नाही की समजावं, तिथे जोडनाव आहे.

एक सुंदर संधी सांगितल्याशिवाय राहवत नाही: ‘श्रीमाँल्लोकत्रयाश्रयः’. श्रीमान् आणि लोकत्रयाश्रयः. ‘न्’ पुढच्या ‘ल’मध्ये विरघळतो आणि मागे फक्त नाकातला नाद उरतो. पहिला ‘ल्’ नाकातून म्हणायचा. या श्लोकाची सुरुवात ‘श्रीदः श्रीशः श्रीनिवासः श्रीनिधिः श्रीविभावनः’ अशी आहे आणि पाठ करायला तो सर्वांत सोपा. कंटाळा आला त्या दिवशी हा घ्या.

अर्थाची वही

दोनशे पानी वही घ्या. पान उभं दुमडून डावीकडे नाव, उजवीकडे फोड आणि अर्थ. रोज आठ-दहा नावं होतात. अर्थ स्वतःच्या मराठीत लिहा, पोथीतला जसाच्या तसा उतरवू नका.

अर्ध्याअधिक नावांशी आपली ओळख आहेच. केशव, माधव, गोविंद, दामोदर, वामन, जनार्दन, मुकुंद, अच्युत, अनंत, अनिरुद्ध, पद्मनाभ, श्रीधर, श्रीनिवास, हृषीकेश, प्रणव, सिद्धार्थ, आदित्य, शिशिर. शाळेचा हजेरीपटच जणू! घरातल्या, गल्लीतल्या प्रत्येकाचं नाव कितव्या श्लोकात आहे ते शोधणं हा मुलांना गोडी लावायचा उत्तम उपाय आहे. वारकरी घरातले लोक ‘विठ्ठल’ शोधतात. ते नाव या हजारांत नाही. पंढरीच्या नामसंकीर्तनाचा प्रवाह निराळ्या वाटेने आला आहे, आणि दोन्ही एकाच घरात सुखाने नांदतात.

नावं पुन्हा येतात तेव्हा थांबून विचार करा. ‘विष्णुः’ तीनदा येतं, ‘वासुदेवः’ तीनदा, ‘प्राणदः’ चारदा. शंकराचार्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या भाष्यात पुनरावृत्ती झाली की बहुधा निराळा अर्थ दिलेला असतो. ‘केशव’ची फोड सुंदर केसांचा अशीही होते, केशी दैत्याला मारणारा अशीही, आणि क म्हणजे ब्रह्मा, अ म्हणजे विष्णू, ईश म्हणजे रुद्र हे तिघे ज्याच्या अधीन तो, अशीही.

भाष्यं वाचायची झाली तर दोन मुख्य परंपरा आहेत. एक हे शांकरभाष्य. दुसरं श्रीरंगमच्या पराशर भट्टांचं ‘भगवद्गुणदर्पण’, रामानुजांच्या विशिष्टाद्वैत परंपरेतलं, बाराव्या शतकातलं. पहिल्याच नावापासून दोघांची दृष्टी वेगळी आहे. ‘विश्वम्’ म्हणजे हे सारं जग ब्रह्माहून निराळं नाही, असं शांकरभाष्य म्हणतं. भट्टांना तिथे गुणांनी परिपूर्ण असा भगवंत दिसतो. पहिल्या चातुर्मासात मात्र एकच अर्थ पक्का करा. दोन भाष्यं एकदम उघडली की वहीही पुरी होत नाही आणि पाठही.

एक श्लोक जरा निवांत वेळ काढून वाचा:

एको नैकः सवः कः किं यत्तत्पदमनुत्तमम्।
लोकबन्धुर्लोकनाथो माधवो भक्तवत्सलः॥

एक, आणि एक नव्हे तो, म्हणजे अनेक. सव म्हणजे सोमयाग. मग कः, किम्, यत्, तत्. मराठीत कोण, काय, जे, ते. ही सर्वनामंच नावं झाली आहेत! भाष्यात ‘कः’चा अर्थ सुखस्वरूप आणि ‘किम्’चा अर्थ ज्याचा विचार करायचा ते, असा दिला आहे. मला मात्र हा श्लोक म्हणताना नेहमी वाटतं की बोट दाखवायला जे जे शब्द भाषेत आहेत ते सगळे अखेर त्याच्याकडेच वळले आहेत. असाच ‘सर्वः शर्वः शिवः स्थाणुः’ हा चरण. शर्व, शिव, स्थाणू ही महादेवाची नावं इथे विष्णूची आहेत. हरिहरांत भेद न मानणाऱ्या आपल्या घरांना हे नवं नाही.

वेळापत्रक: ११८ दिवस

आषाढ शुद्ध एकादशीला देव निजतात, कार्तिक शुद्ध एकादशीला उठतात. हे चार चांद्रमास म्हणजे सुमारे ११८ दिवस. श्लोक १०७. रोज एक श्लोक, दहा श्लोक झाले की एक दिवस नुसती उजळणी. असे अकरा-अकरा दिवसांचे दहा फेरे झाले की ११० दिवस आणि १०० श्लोक होतात. उरलेले सात श्लोक सात दिवसांत, आणि ११८ व्या दिवशी, प्रबोधिनीला, पोथी मिटून अखंड पाठ. तिथीच्या क्षयवृद्धीने एखादा दिवस इकडेतिकडे होईल, आणि मध्ये अधिक महिना आला तर महिनाभर जास्त मिळेल. निमिष आणि अनिमिष यांच्यामधला हा काळ या शिकण्याला फार शोभतो.

रोजचा क्रम असा ठेवा. सकाळी श्लोक फोडून नावं सुटी म्हणायची, प्रत्येक नावाला एक बोट. वहीत अर्थ लिहायचा. मग संधीसह पोथीत बघून पाच वेळा, न बघता पाच वेळा. संध्याकाळी दिवा लावताना कालचा आणि आजचा श्लोक जोडून. ही जोड फार महत्त्वाची आहे, कारण पाठांतर श्लोकाच्या आत सहसा तुटत नाही, दोन श्लोकांच्या मध्ये तुटतं. म्हणून कालच्या श्लोकाची दुसरी ओळ आणि आजच्याची पहिली ओळ एका दमात म्हणायची: ‘भूतात्मा भूतभावनः, पूतात्मा परमात्मा च’. भूतात्माला पूतात्मा, असं कान स्वतःच धरून ठेवतो.

उजळणीच्या दिवशी पोथी न उघडता दहाही श्लोकांचे फक्त पहिले शब्द कागदावर लिहा. जो आठवला नाही त्याच्यामागे दुसऱ्या दिवशी नव्या श्लोकाबरोबर लागा. एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दोन श्लोक घेऊ नका. तो दिवस उजळणीतून वळता करा.

हमखास घसरायच्या जागा

४४ व्या श्लोकात ‘वैकुण्ठः पुरुषः प्राणः प्राणदः प्रणवः पृथुः’ आहे, १०२ व्यात ‘ऊर्ध्वगः सत्पथाचारः प्राणदः प्रणवः पणः’. शेवटाजवळ आल्यावर ‘पणः’ऐवजी ‘पृथुः’ तोंडात आलं की जीभ ‘हिरण्यगर्भः’वर जाते, आणि पुन्हा ४४ पासून फेरी सुरू होते! तसंच ‘उद्भवः क्षोभणो देवः’ आणि ‘उद्भवः सुन्दरः सुन्दो’. ‘अनन्तो हुतभुग्भोक्ता’ आणि ‘अनन्तरूपोऽनन्तश्रीः’. या जुळ्या जागांवर पोथीत रंगीत खूण करा आणि दोन्ही श्लोक एकाच दिवशी शेजारी शेजारी म्हणा. ‘पणः’चा अर्थ सर्व व्यवहार करणारा आणि ‘पृथुः’चा विस्तारलेला. अर्थ माहीत असला की घसरण्याआधीच सावध होता येतं.

नामावली आणि तुळशी

एकेक नावाने तुळस वाहायची असेल तर नाव चतुर्थी विभक्तीत येतं आणि पुढे ‘नमः’. अकारान्ताला ‘आय’: भावाय. उकारान्ताला ‘अवे’: विष्णवे. त् असेल तर ‘ते’: भूतकृते. भूतात्मा असेल तर भूतात्मने. पहिल्याच नावाला पुष्कळजण ‘विश्वाय नमः’ म्हणतात. ‘विश्व’ हे संस्कृतात सर्वनामासारखं चालतं, म्हणून ‘ॐ विश्वस्मै नमः’. तसंच एकस्मै, यस्मै, तस्मै. जोडनाव असेल तर दोन्ही पदं बदलतात: मुक्तानां परमायै गतये नमः. हजार पानं मिळाली नाहीत तर अक्षता किंवा फुलं वाहा. दारच्या वृंदावनातली तुळस ओरबाडू नका.

विनियोग, ध्यान, फलश्रुती

हे सगळं पाठाच्या आधी-नंतरचं, आणि नावं पाठ झाल्यावर शिकलं तरी चालतं. विनियोगात ऋषी वेदव्यास, छंद अनुष्टुप्, देवता श्रीमन्नारायण. न्यास, म्हणजे मंत्र म्हणत अंगांना स्पर्श करण्याचा विधी, गुरूंकडून शिकलात तर करा, नाहीतर सोडा. ध्यानाचा ‘शान्ताकारं भुजगशयनं’ हा श्लोक मंदाक्रान्तेत आहे, त्याची चाल निराळी.

स्तोत्र इतिहासग्रंथातलं आहे, त्यामुळे उपनयनाची अट नाही. स्त्रियांनी म्हणावं की नाही असं अजूनही कुणी विचारतं. फलश्रुतीत चारही वर्णांचा उल्लेख स्पष्ट आहे, आणि आमच्या घरात तर हे स्तोत्र आजीकडूनच आलं. ‘शुचिस्तद्गतमानसः’ एवढीच अपेक्षा तिथे लिहिली आहे: स्वच्छ असावं आणि मन त्याच्यात असावं.

शेवटी पार्वती शंकराला विचारते की थोडक्यात काही उपाय आहे का, तेव्हा येणारं उत्तर प्रत्येक मराठी घराला रामरक्षेच्या शेवटामुळे पाठ आहे: ‘राम रामेति रामेति रमे रामे मनोरमे। सहस्रनाम तत्तुल्यं रामनाम वरानने॥’ सहस्रनामाच्या पोथ्यांत सुरुवात ‘श्रीराम राम रामेति’ अशी सापडते, एवढाच फरक. आजारपणात, प्रवासात, रात्री उशिरा घरी पोचल्यावर हा श्लोक तीनदा म्हणून नेम चालू ठेवा आणि दुसऱ्या दिवशी राहिलेल्या श्लोकापासून पुढे जा.

कार्तिकीनंतर वही मिटू नका. पूर्ण पाठ दर एकादशीला किंवा दर गुरुवारी ठेवा, आणि उरलेल्या दिवशी रोज एकाच श्लोकाचं शांकरभाष्य वाचा. माझ्या वहीत उजवीकडची जागा तिसऱ्या वर्षी संपली, तेव्हा मी पानांना पुरवण्या चिकटवल्या. ‘अनिमिष’च्या पानाला तीन आहेत.